काच चाटणारा मासा उपाशी का मरतो?

माशांच्या टाकीची हौस असलेल्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. दुकानदाराने एक चपटा, अंगभर रेषांची नक्षी असलेला, काचेला पोटाने चिकटून बसणारा मासा दिला. नाव सांगितलं ‘बटरफ्लाय सकर’ किंवा ‘हाँगकाँग प्लेको’. शेवाळ खातो, काच साफ ठेवतो, वेगळं काही घालायला नको, असंही वर सांगितलं. मासा खरोखरच दिवसभर काचेवर तोंड फिरवत राहिला. कुणाशी भांडला नाही, अंगावर डाग नाहीत, कल्ले लाल नाहीत. आणि महिन्या-दोन महिन्यांनी एका सकाळी गोट्यांच्या फटीत मेलेला सापडला. पाणी स्वच्छ, बाकीचे मासे ठणठणीत. मग हाच कसा गेला?

बहुतेक वेळा भुकेने. त्याखालोखाल उकाड्याने. पुढे दिसेल की ही दोन कारणं एकमेकांत चांगलीच गुंतलेली आहेत. आधी हा मासा आहे कोण ते पाहू.

प्लेको नव्हे, सकरही नव्हे

याला हौशी लोक हिलस्ट्रीम लोच म्हणतात. डोंगरातल्या उथळ, खडकाळ, खळाळत्या ओढ्यांत राहणाऱ्या लहान माशांचा हा मोठा गोतावळा दक्षिण चीनपासून व्हिएतनाम, बोर्निओ, थायलंड ते भारतापर्यंत पसरलेला आहे. दुकानांत मुख्यतः दोन जाती येतात. जाळीदार नक्षीची सेवेलिया लिनिओलाटा मध्य व्हिएतनाममधली, आणि ठिपक्यांची बोफोर्टिया दक्षिण चीनमधली. दोन्ही बोटभर लांबीच्या.

प्लेको हा दक्षिण अमेरिकेतला कॅटफिश. तो तोंडाने चिकटतो, म्हणून त्याला सकर म्हणणं रास्त. लोच मात्र तोंडाने चिकटतच नाही. तो काचेवर बसलेला असताना दुसऱ्या बाजूने जवळून पाहा. पुढच्या आणि मागच्या परांच्या जोड्या पंख्यासारख्या पसरून त्यांची पोटाभोवती जवळजवळ सलग गोल कड झालेली असते. सेवेलिया आणि बोफोर्टियात मागची जोडी एकमेकींना जोडलेलीच असते. या कडेच्या पुढे, डोक्याखाली, लहानसं आडवं तोंड मोकळं असतं आणि ते सतत काच खरवडत असतं. मासा पुढे सरकतो तसा मागे स्वच्छ काचेचा अरुंद पट्टा उरतो.

चिकटायचं काम परांकडे दिल्यामुळे तोंड खाण्यासाठी मोकळं राहिलं, ही या माशाच्या शरीररचनेतली सगळ्यात हुशार गोष्ट. ऐन प्रवाहात, जिथे दुसरा मासा क्षणभर थांबू शकत नाही, तिथे हा बसून जेवतो.

प्रवाहात टिकायचं कसं

वाहत्या पाण्यात दगडावर बसलेल्या माशाला दोन बाजूंनी लढावं लागतं. पाणी त्याला मागे ढकलतं, हे उघड आहे. दुसरी गोष्ट चटकन लक्षात येत नाही. पाठीवरून पाणी वेगाने गेलं की तिथला दाब उतरतो आणि मासा वर उचलला जाऊ पाहतो.

ढकलण्यावरचा इलाज म्हणजे चपटं अंग. वाहतं पाणी दगडाला घासून जातं तिथे त्याचा वेग मंदावतो. अगदी पृष्ठभागालगतचा पातळ थर तर जवळपास थांबलेलाच असतो. अंग जितकं चपटं, तितकं ते या संथ थराच्या आसऱ्याला राहतं.

उचललं जाण्यावरचा इलाज म्हणजे ती परांची कड. ओट्यावर पाणी सांडलेलं असताना सपाट बुडाची स्टीलची ताटली ठेवली तर ती सरळ वर उचलताना ओट्याला धरून राहते, कारण बुडाखाली हवा शिरायला वाट नसते आणि वरून हवेचा दाब असतो. एक कड जरा उचकटली की लगेच सुटते. लोच पाण्याखाली हेच करतो. परांची कड दगडाला टेकवून तो पोटाखालची जागा बंद करतो. मागच्या बाजूला परांची किनार सारखी थरथरत असते. तिने पोटाखालचं पाणी बाहेर फेकलं जातं, आतला दाब उतरतो आणि बाहेरचं पाणी माशाला दगडावर दाबून धरतं. ही थरथर काचेतून नुसत्या डोळ्यांना दिसते. हलायचं असेल तेव्हा मासा एक कड सैल करतो, वीतभर सरकतो आणि पुन्हा घट्ट बसतो. शिवाय परांच्या खालच्या जाड भागावर अतिसूक्ष्म टोकदार खरखरीत उंचवटे असतात, त्यांमुळे तो घसरत नाही.

याचा टाकीशी थेट संबंध आहे. ही कड गुळगुळीत पृष्ठभागावरच नीट बसते. त्यामुळे तळाला धारदार खडी घालण्यापेक्षा नदीतले गोल गोटे आणि बारीक वाळू बरी. लोच जाळीने पकडतानाही जोर लावू नये. काचेला चिकटलेला असेल तर बोटाने हळूच एक कड उचलावी आणि प्लॅस्टिकच्या डब्यात सरकवावा. जाळीत त्याचे पर अडकून फाटतात.

सुंदरलाल होरा आणि सह्याद्रीतले भाऊबंद

या माशांचा अभ्यास ज्यांनी पहिल्यांदा नेटाने केला त्यांत सुंदरलाल होरा हे नाव फार मोठं. कोलकात्यातल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत काम करताना त्यांनी जोरदार प्रवाहात राहणारे प्राणी दगडाला कसे धरून राहतात यावर 1930 मध्ये विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला. सेवेलिया आणि बोफोर्टिया या दोन्ही प्रजातींची नावं 1932 मध्ये त्यांनीच दिली. सेवेलिया हे नाव त्यांचे तेव्हाचे संचालक सेमूर सेवेल यांच्यावरून. पुढे होरा स्वतः त्या संस्थेचे संचालक झाले.

होरांना एक कोडं पडलं होतं. असे डोंगरी ओढ्यांतले मासे ईशान्य भारतात आणि त्यापलीकडे आग्नेय आशियात आहेत, मग एकदम पश्चिम घाटात आहेत. मधल्या सपाटीवर नाहीत. खळाळत्या पाण्याशिवाय न जगणारा मासा मधलं अंतर ओलांडून आला कसा? एके काळी सातपुडा-विंध्याच्या रांगा अधिक सलग आणि ओल्या होत्या, त्यांतल्या ओढ्यांच्या वाटेने हे मासे पश्चिमेकडे आले असावेत, असं त्यांनी मांडलं. ही ‘सातपुडा परिकल्पना’ पुढे खूप गाजली, तिच्यावर वादही झाले आणि ते अजून मिटलेले नाहीत.

म्हणजे दुकानात व्हिएतनामचा म्हणून मिळणाऱ्या माशाचे चुलत भाऊबंद आपल्याकडेही आहेत. दक्षिणेकडे कर्नाटक-केरळच्या घाटांत भवानिया आहे. बॅलिटोरा लॅटिकॉडा नावाची जात तर थेट आपल्या कृष्णेतली; तिचं शास्त्रीय वर्णन झालं 2012 मध्ये. हे वाचून कुणाला जाळी घेऊन घाटात उतरावंसं वाटलं, तर कृपा करून उतरू नये. यांतल्या कित्येक जाती एखाद-दुसऱ्या नदीपुरत्याच आहेत आणि त्या नद्यांवर वाळूउपसा, बंधारे, सांडपाणी यांचा भार आधीच पुरेसा आहे.

गोट्यावरचा बुळबुळीत थर

आता भुकेकडे वळू. ओढ्यातून उचललेला गोटा हाताला बुळबुळीत लागतो. तो थर नुसत्या शेवाळाचा नसतो. त्यात डायटम नावाचे एकपेशीय तपकिरी शैवाल असतात, हिरवं शेवाळ असतं, जिवाणू असतात, आणि या सगळ्यांत वावरणारे सूक्ष्म प्राणी, किड्यांच्या बारीक अळ्या असतात. लोच हे सगळं एकत्र खरवडून खातो. म्हणजे तो ‘शेवाळ खाणारा’ आहे हे अर्धंच खरं. त्याच्या घासात पालाही असतो आणि मांसही.

ओढ्यात ऊन तळापर्यंत पोचतं, प्रवाह सतत नवं पोषण आणतो आणि थर खरवडला तरी पुन्हा वाढतो. शिवाय मासा एका गोट्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो, आणि गोटे हजारो असतात. घरच्या टाकीत किती असतात? नवीन टाकी असेल तर थर धरायलाच वेळ लागतो. जुनी असेल तर मालक हौसेने दर आठवड्याला काच घासून चकचकीत करतो. दोन लोच मिळून एका लहान टाकीतला थर काही दिवसांत संपवतात. त्यानंतरही ते दिवसभर तोंड फिरवताना दिसतात, कारण ती त्यांची रीतच आहे. बघणाऱ्याला वाटतं, खातोय. खरं तर तो रिकामी काच चाटत असतो.

काळ्या दाढीसारखं किंवा केसांसारखं लांब वाढलेलं शेवाळ तो खात नाही, आणि निळसर-हिरवा लिबलिबीत थरही नाही. तेव्हा टाकी शेवाळाने भरली आहे म्हणून लोच आणला, तर शेवाळही तसंच राहतं आणि लोच उपाशी.

भूक ओळखायची खूण सोपी आहे आणि ती या माशाने स्वतःहून दाखवलेली असते. काचेला चिकटला की त्याचं पोट आपल्यासमोर येतं. भरल्या पोटाचा मासा किंचित फुगीर दिसतो. पोट आत गेलेलं, परांच्या कडेच्या मध्ये खळगा पडलेला असेल, तर तो बरेच दिवस पुरेसा जेवलेला नाही. विकत घेतानाही हेच बघावं. पकडल्यापासून दुकानापर्यंतच्या प्रवासात या माशांची खूप उपासमार होते, कारण प्रत्येक टप्प्यावर त्यांना उघड्या, स्वच्छ टाकीत ठेवलेलं असतं. खळगा पडलेला मासा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

वाढायचं काय आणि कसं

पहिला उपाय म्हणजे थर आपणच वाढवायचा. गॅलरीत ऊन येतं तिथे एक टब ठेवून त्यात मुठीएवढे गोल गोटे घालावेत. पाणी नळाचं नको, टाकीतलं बदललेलं जुनं पाणी ओतावं. त्यात शेवाळाला लागणारं नत्र असतं. ऊन चांगलं असेल तर दोन-तीन आठवड्यांत गोट्यांवर तपकिरी-हिरवा थर दिसू लागतो. मग ते गोटे टाकीत, टाकीतले चाटून साफ झालेले टबात, अशी आलटापालट चालू ठेवायची. दख्खनच्या नद्यांतले काळ्या बेसॉल्टचे गोटे यासाठी उत्तम. पांढरट दगड असेल तर त्यावर लिंबू पिळून बघावं. फेस आला तर त्यात चुना आहे आणि तो पाणी जड करणार. गोटे ब्रशने घासावेत, साबणाने नाही. टबाला मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधायलाच हवं. स्वच्छ साचलेलं पाणी डेंग्यूच्या डासाला फार आवडतं, आणि महापालिकेचा तपासणीस आला तर त्याला लोचचं पोषणशास्त्र समजावून उपयोग नाही.

दुसरा उपाय बाहेरचं अन्न. तळाला बसणाऱ्या, स्पिरुलिना असलेल्या चकत्या बाजारात मिळतात. वाफवलेला पालक, दुधीची किंवा काकडीची चकती दगडाखाली दाबून ठेवता येते, पण ती रात्रभरानंतर काढून टाकावी, नाहीतर पाणी नासतं. आठवड्यातून दोन-तीनदा फ्रोजन ब्लडवर्म, डाफ्निया किंवा ब्राइन श्रिंप द्यावेत. दुकानात जिवंत मिळणारे ट्युबिफेक्स किडे टाळलेले बरे. ते सांडपाण्याच्या गाळात वाढतात आणि सोबत रोग आणू शकतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त चुकते: वेळ आणि जागा. एकत्र टाकीत डॅनिओ, बार्ब असे चपळ मासे असतात. चकती तळाला पोचायच्या आत ते तिचे लचके तोडतात. लोच सावकाश येतो, वास घेतो, चकतीवर चढून बसतो आणि मग खातो; तोवर काही उरत नाही. त्यासाठी आधी वरच्या माशांना टाकीच्या एका टोकाला तरंगतं खाद्य द्यावं आणि त्यांची तिथे गर्दी झाली की दुसऱ्या टोकाला चकती सोडावी. दुसरी युक्ती म्हणजे दिवे बंद करून थोड्या वेळाने खाद्य घालायचं. डॅनिओ अंधारात मंदावतात, लोच मात्र काम चालू ठेवतो.

*[चौकट] घरचं जेल*
*अर्धी वाटी उकडून साल काढलेले मटार, मूठभर वाफवलेला पालक, चार-पाच सोललेल्या कोळंब्या आणि चमचाभर स्पिरुलिना पावडर एकत्र अगदी बारीक वाटावं. मीठ, तेल, मसाला काहीही नको. कपभर पाण्यात दोन छोटे चमचे अगर-अगर, म्हणजे आपलं चायना ग्रास, पूर्ण विरघळेपर्यंत उकळावं, जरा निवू द्यावं, मग वाटण मिसळावं. घट्ट व्हायच्या आत कोरड्या, स्वच्छ गोट्यांवर पातळ थर पसरावा. गोटे फ्रिजमध्ये ठेवावेत आणि चार-पाच दिवसांत संपवावेत. एका वेळी एकच गोटा टाकीत सोडावा. लोचला खरवडून खायची सवय असल्यामुळे तो गोळीपेक्षा यावर पटकन येतो.*

उकाड्याचं गणित

लोचला 20 ते 24 अंश सेल्सियस पाणी मानवतं. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत टाकीचं पाणी सहज 29-30 अंशांवर जातं, विदर्भात त्याहून वर. पाणी तापलं की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. 20 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात. घट फार मोठी वाटत नाही. पण माशाचं शरीर पाण्याच्याच तापमानाला असतं. पाणी तापलं की शरीरातल्या सगळ्या क्रिया वेग घेतात आणि प्राणवायूची गरज वाढते. पुरवठा कमी, मागणी जास्त. आणि त्या वेगाला अन्नही जास्त लागतं. ज्या थरावर तो हिवाळ्यात कसाबसा तगला असता, तो उन्हाळ्यात पुरत नाही. टाकीत भूक आणि उकाडा ही दोन वेगळी कारणं नसतात ती यामुळे.

थंड करायचं यंत्र, चिलर, महाग असतं. परवडणारा उपाय म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपा वारा सोडणारा लहान पंखा. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं तर ते 100 लिटर पाणी पाच-सहा अंशांनी उतरेल एवढी उष्णता सोबत नेतं. त्याच वेळी खोलीतली उष्णता आत येत असते, म्हणून हाती दोन ते चार अंश लागतात. नागपूरच्या कोरड्या हवेत हा पंखा छान चालतो, मुंबईच्या दमट हवेत त्याची मात्रा फारशी लागू पडत नाही. कूलरच्या बाबतीत हे आपल्याला ठाऊकच आहे. उडालेलं पाणी भरून काढताना आरओचं वापरावं, नाहीतर क्षार साचत जातात. टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडू नयेत. त्यांनी तापमान खालीवर होत राहतं आणि ते उकाड्याहून वाईट.

माझं मत विचाराल तर, ज्यांच्या घरी मे महिन्यात टाकीचं पाणी 30 च्या वर जातं आणि ते उतरवायची काही सोय नाही, त्यांनी हा मासा घेऊच नये. दुकानात कितीही गोंडस दिसला तरी.

टाकी आणि शेजारी

तीन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच टाकीत साधारण 100 लिटर पाणी बसतं. चार-पाच लोच आणि डझनभर लहान मासे यांना ती पुरते. उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. पाणी तासाला दहा वेळा तरी फिरलं पाहिजे, म्हणजे इथे ताशी हजार लिटरचा पॉवरहेड, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायचा पंप, हवा. त्याच्या तोंडाला जाड स्पंज लावावा आणि झोत टाकीच्या लांबीला समांतर सोडावा. झोताच्या वाटेत मोठे गोटे ठेवले की त्यांच्या मागे संथ जागा तयार होतात, आणि मासा आपल्या मर्जीने प्रवाहात किंवा आडोशाला बसू शकतो. वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असलाच पाहिजे. इतर मासे दोन तास काढतील, याला ते जमेलच असं नाही.

नवीन टाकीत लोच सोडू नये. मलमूत्रातून तयार होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला आणि गोट्यांवर थर धरायला दोन-तीन महिने द्यावेत. झाडांत अनुबियास, जावा फर्न अशी दगडाला बांधता येणारी निवडावीत. सामू साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असला की झालं. त्याची फार चिंता करत बसू नये.

शेजारी म्हणून झेब्रा डॅनिओ आणि व्हाइट क्लाउड हे दोन मासे उत्तम. दोघांनाही थंड पाणी चालतं, प्रवाह आवडतो आणि दोघे वरच्या थरात राहतात. डिस्कस, एंजल यांना ऊबदार, संथ पाणी हवं. त्यांच्यासोबत कुणीतरी एक दुःखी राहणारच. गोल्डफिश नको, तो घाण फार करतो. प्लेको किंवा चायनीज अल्गी ईटरही नको, ते त्याच थरावर डल्ला मारतात आणि दुसरा तर वयात आला की दांडगाई करतो.

लोच एकटा ठेवू नये. तीन-चार असले की त्यांची हद्दीवरून चालणारी गमतीदार मारामारी बघायला मिळते. दोघे समोरासमोर येतात, पर ताणतात आणि एकमेकांवर चढून दुसऱ्याला आपल्या अंगाखाली झाकायचा प्रयत्न करतात. चावाचावी नाही, जखम नाही. जो झाकला जातो तो सरकतो. गोटे भरपूर असले की हरलेल्यालाही जागा मिळते.

आणि झाकण. ओल्या काचेवर हे मासे पाण्याच्या रेषेवरही चढतात. यांच्याच नात्यातला क्रिप्टोटोरा हा थायलंडच्या गुहांतला आंधळा मासा तर धबधब्याच्या ओल्या खडकावर चार पायांच्या प्राण्यासारखी पावलं टाकत चढतो. त्याच्या कमरेच्या हाडाची रचनाही त्याला साजेशी आहे, हे 2016 मधल्या संशोधनात दिसलं. आपल्या टाकीतल्या लोचला एवढं जमत नाही, पण वायर आणि नळीसाठी सोडलेली बोटभर फट त्याला पुरते. ती स्पंजच्या तुकड्याने बुजवावी.

पिल्लं झाली तर

सेवेलिया घरच्या टाकीतही पिल्लं देते, आणि बहुतेकांना ते उशिरा कळतं. जोडी वाळू-खडीत खळगा करून अंडी घालते आणि एक दिवस नखाएवढा लोच काचेवर दिसतो. पिल्लांना वेगळ्या टाकीत हलवायची घाई करू नये. त्यांचंही अन्न तोच थर आणि तो जुन्या टाकीतच असतो. त्या काळात काच घासणं बंद ठेवावं, टबातले गोटे जास्त लवकर फिरवावेत, आणि पाणी बदलताना नळीच्या तोंडाला जुन्या पायमोज्याचं कापड बांधावं. पिल्लं वाढून टाकी अपुरी पडली तर दुसऱ्या हौशी माणसाला द्यावीत. जवळच्या ओढ्यात मात्र सोडू नयेत. टाकीतून सुटलेले प्लेको आंध्र-तेलंगणापासून पश्चिम बंगालपर्यंतच्या पाण्यांत वाढले आहेत, आणि मच्छीमारांच्या जाळ्यांत त्यांचे काटे रोज अडकत असतात.